आजोबांचा कॅमेरा विकू नका, बाथरूम मागून घ्या

पत्र: माझं वय ३४, राहायला धनकवडीत, नोकरी हिंजवडीत. आजोबांचा सातारा जिल्ह्यात स्टुडिओ होता. गावचं घर आवरताना त्यांचा लाकडी हाफ प्लेट कॅमेरा, तीन प्लेट होल्डर (काच घालून कॅमेऱ्यात सरकवायच्या चौकटी) आणि काचेच्या निगेटिव्हची एक पेटी आमच्याकडे आली. तेव्हापासून मला लार्ज फॉरमॅटचं, म्हणजे मोठ्या आकाराच्या निगेटिव्हचं, वेड लागलंय. हा कॅमेरा विकावा, वर २० हजार घालावेत आणि परदेशी ४×५ इंची कॅमेरा घ्यावा असा विचार आहे. अडचणी तीन. घरात बाथरूम एकच आणि आईला ‘ती विषारी रसायनं’ घरात नको आहेत. स्वस्त पडेल म्हणून एक्स-रे फिल्मचं पाकीट आणलं, तर डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या रसायनात) त्यावर काहीही उमटलं नाही. आणि कॉफीत फिल्म धुता येते म्हणतात, ते खरं का? – एक वाचक, धनकवडी

उत्तर:

आधी हिशेब. ४×५ म्हणजे २० चौरस इंच. हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा, जवळजवळ ३१ चौरस इंच. मोठ्या फॉरमॅटचं वेड लागलं म्हणून तुम्ही घरातला मोठा कॅमेरा विकून, वर पदरचे वीस हजार घालून, त्यापेक्षा लहान कॅमेरा आणायला निघाला आहात. हे कुठल्याही पेठेतल्या दुकानदाराला सांगितलंत तर तो तुम्हाला चहा पाजेल आणि कॅमेरा ठेवून घेईल.

४×५ घेतल्यावर काय होतं तेही सांगतो. कॅमेऱ्यात पैसे संपतात. मग होल्डर लागतात, लेन्स लागते, आणि परदेशी शीट फिल्मची एक शीट शंभर रुपयांच्या खाली पडत नाही. माणूस शीट जपायला लागतो. महिन्यातून दोन फोटो काढतो, दोन्ही बिघडतात, का बिघडले ते कळत नाही आणि दिवाळीच्या साफसफाईत कॅमेरा माळ्यावर जातो. असे माळ्यावर गेलेले तीन कॅमेरे मी स्वतः पाहिलेत. तेव्हा कॅमेरा आहे तोच ठेवा. वीस हजारांतले निम्मे फोटो छापायच्या कागदासाठी बाजूला काढा, चार-पाच हजार रसायनं, ट्रे, काच आणि वजनकाट्याला द्या, उरलेले पैसे सहा महिने विसरून जा.

आणि सुरुवात उलट्या टोकानं करा. फोटो काढायचा नाही, आधी छापायचा. तुमच्याकडे आजोबांच्या काचेच्या निगेटिव्ह आहेत. नवशिक्याला इतकं सोयीचं काही मिळत नाही, कारण त्या निगेटिव्ह चांगल्या आहेत हे आधीच ठरलेलं आहे. त्यांच्यावरच तर आजोबांनी गिऱ्हाइकांकडून पैसे घेतले. प्रिंट बिघडली तर चूक तुमच्या कागदाची, दिव्याची किंवा डेव्हलपरची. एक्स्पोजर चुकलं का, फोकस हलला का, होल्डरमधून प्रकाश गेला का, हे प्रश्न तूर्त नाहीतच. छपाई हातात बसली की मग कॅमेऱ्याकडे वळायचं, म्हणजे एका वेळी एकच चूक शोधावी लागते.

पेटी उघडताना घाई नको. काच कडांनीच धरायची. एक बाजू चकचकीत दिसेल, दुसरी मंद. मंद बाजू इमल्शनची, म्हणजे चित्राच्या थराची. ती खिडकीसमोर तिरपी धरून बघा. चेहऱ्यांवर, विशेषतः डोळ्यांखाली आणि गालांवर, बारीक बारीक पेन्सिलीच्या रेघा दिसतील, मुंगीच्या पायांसारख्या. ते आजोबांचं रिटचिंग. देवीचे वण, सुरकुत्या सगळं असं झाकलं जायचं. धूळ समजून ते पुसू नका. पाण्यात तर मुळीच बुडवू नका. मऊ ब्रशनं धूळ झटका आणि चकचकीत बाजू तेवढी जरा ओलसर कापडानं पुसा. ज्या काचेवरचं इमल्शन कडेनं सुटून पापुद्रा धरतंय ती वेगळी कागदात गुंडाळून ठेवा. ती छापायची नाही, आत्ता तरी.

आता आई आणि बाथरूम. आईंचं म्हणणं निम्मं खरं आहे, आणि ते तसं मान्य करूनच बोलणी सुरू करा. डेव्हलपरमधल्या मेटॉलनं काहींच्या हातांना खाज आणि पुरळ येतं. एकदा ते जडलं की पुढे थोड्याशा स्पर्शानंही येतं. म्हणून प्रिंट चिमट्यानं उचलायची, ट्रेत बोटं घालायची नाहीत. स्वयंपाकघरातला चमचा, पातेलं, गाळणी काहीही बाथरूममध्ये न्यायचं नाही, ‘धुऊन परत ठेवतो’ म्हणूनही नाही. तुळशीबागेतून प्लास्टिकचे तीन ट्रे, दोन मापं, एक फनेल वेगळं आणा आणि त्यावर मार्करनं लिहा. पावडरी मिसळताना नाकावर रुमाल, खिडकी उघडी. घरात कुणाला दमा असेल तर अर्ध्या तासानं दार उघडून हवा येऊ द्यायची. एवढं पाळलंत तर घरातल्या संडास धुण्याच्या ॲसिडपेक्षा ही रसायनं गरीब आहेत.

वेळही ठरवून घ्या: शनिवारी रात्री साडेदहा ते एक. रात्री काम केलं की खिडकी झाकायचा निम्मा त्रास वाचतो. एक्झॉस्टच्या भोकाला काळा रंग दिलेला पुठ्ठा, दाराच्या फटीला जुनी सतरंजी, आणि मग दिवे घालवून दहा मिनिटं नुसतं बसायचं. पहिल्या मिनिटाला वाटतं, मिट्ट काळोख आहे. सातव्या-आठव्या मिनिटाला कडीजवळची फट, नळाच्या पाइपभोवतीचं भोक, सगळं दिसायला लागतं. गिझरचा लाल ठिपका आणि स्विचबोर्डावरचे इंडिकेटर चिकटपट्टीनं झाका. मनगटावरचं घड्याळ बाहेर ठेवा. हात हलवला की उजळणारी घड्याळं डार्करूमच्या मुळावर आली आहेत.

लाल दिव्याला देवघरातला झिरोचा लाल बल्ब चालतो असं सगळे सांगतात. काही चालतात, काही नाही; रंग चढवलेल्या बल्बमधून पांढरा प्रकाश गळतो. परीक्षा सोपी आहे. कागदाच्या तुकड्याला आधी अगदी पुसट करडा येईल एवढाच पांढरा प्रकाश द्या. मग तो ट्रेच्या जागी लाल दिव्याखाली ठेवा, त्यावर पाच रुपयांचं नाणं ठेवा, पाच मिनिटं थांबा आणि डेव्हलपरमध्ये धुवा. नाण्याचा गोल दिसला तर बल्ब बदला किंवा लांब न्या. तो पुसट करडा द्यायला विसरू नका. त्याशिवाय वाईट दिवाही पास होतो.

माझी पंचवीस वर्षं शनिवार पेठेतल्या एका छापखान्याच्या डार्करूममध्ये गेली. तिथल्या फोरमननी पहिल्या दिवशी मला तीन ट्रे ओळीनं लावायला सांगितले. मी हुशारी करून डेव्हलपरला लाल, पाण्याला पिवळा आणि हायपोला (उमटलेलं चित्र पक्कं करणाऱ्या रसायनाला) पांढरा ट्रे घेतला, म्हणजे गोंधळ नको. लाल दिवा लावला आणि तिन्ही ट्रे पांढरे दिसायला लागले. पहिली फिल्म मी थेट हायपोत टाकली. फोरमन काही बोलले नाहीत, त्यांनी प्रत्येक ट्रेच्या काठाला सुतळी बांधली: डेव्हलपरला एक गाठ, पाण्याला दोन, हायपोला तीन. आजही माझे ट्रे तसेच आहेत.

रसायनं. कागदासाठी डी-७२ हा जुना, सार्वजनिक फॉर्म्युला पुरेसा आहे, आणि तयार पाकिटापेक्षा खूप स्वस्त पडतो. अर्धा लिटर कोमट पाण्यात मेटॉल ३ ग्रॅम, सोडियम सल्फाइट ४५ ग्रॅम, हायड्रोक्विनोन १२ ग्रॅम, धुण्याचा सोडा म्हणजे निर्जल सोडियम कार्बोनेट साडेसदुसष्ट ग्रॅम, पोटॅशियम ब्रोमाइड २ ग्रॅम, मग थंड पाणी घालून एक लिटर. क्रम बदलू नका. फक्त अगदी सुरुवातीला चिमूटभर सल्फाइट टाका आणि मग मेटॉल; सगळं सल्फाइट आधी घातलंत तर मेटॉल विरघळतच नाही, तळाशी वाळूसारखं बसतं. वापरताना एक भाग हे आणि दोन भाग पाणी.

दुकानात नावं नीट उच्चारा, चिठ्ठीवर लिहून नेलंत तर उत्तम. सल्फाइट, सल्फेट नव्हे, आणि सल्फाइड तर नव्हेच नव्हे. सोडा धुण्याचा, खाण्याचा नव्हे. चुकून खाण्याचा आला तर जुन्या तव्यावर चांगला तापवला की त्याचा धुण्याचा होतो, पण तो तवा डेव्हलपरच्या कामाचा वेगळा असावा, पोळीचा नाही. सगळ्यात मोठा घोटाळा हायपोचा. कोविडपासून ‘हायपो’ म्हटलं की लोक फरशी पुसायचं सोडियम हायपोक्लोराइट काढून देतात. ते म्हणजे ब्लीच, आणि त्यात व्हिनेगर पडलं तर विषारी क्लोरिन वायू सुटतो. आपल्याला हवा फोटोचा हायपो, सोडियम थायोसल्फेट, खडीसाखरेसारखे खडे. माशांच्या टाक्यांच्या दुकानातही तो मिळतो, पाण्यातलं क्लोरिन मारायला. लिटरला २५० ग्रॅम. विरघळताना पाणी इतकं गार पडतं की बाटलीला बाहेरून दव धरतं, म्हणून कोमट पाणी घ्या. हायपोनं चांदीचे क्षार विरघळतात हे जॉन हर्शेलनं १८१९ मध्ये नोंदवलं, फोटोग्राफीचा जन्म व्हायच्या आधी. दोनशे वर्षांत त्याला पर्याय म्हणून जे आलं तेही त्याचंच भावंड.

मधल्या ट्रेत साधं पाणी चालतं. पाणी टँकरचं किंवा बोअरचं असेल तर डेव्हलपर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये करा, ढगाळ होत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हात भाजेल असं येतं, रात्रीही कोमटच. अशा वेळी माठ. पुण्याचा उन्हाळा कोरडा, म्हणून माठ इथं इमानेइतबारे काम करतो. मुंबईत तो हरतो. कागदाला पंचवीस अंशांपर्यंत काही बिघडत नाही. पावसाळ्यात माठ थंड करत नाही, पण तेव्हा नळाचंच पाणी बरं असतं.

वापरलेला डेव्हलपर भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडला तरी चालतो. हायपो नाही. त्यात तुमच्या प्रिंटमधली चांदी उतरलेली असते, आणि मुठेत आधीच जे जातंय ते पुरे आहे. कॅन भरत ठेवा. जुने एक्स-रे आणि वापरलेला हायपो चांदीसाठी विकत घेणारे लोक असतात. जवळच्या जुन्या पद्धतीच्या एक्स-रे सेंटरमध्ये विचारा. नाहीतर कॅनमध्ये हार्डवेअरच्या दुकानातलं, लाकूड घासायचं स्टील वूल टाकून ठेवा, चांदी त्यावर काळ्या गाळासारखी बसते. भांड्यांची स्टेनलेसची घासणी टाकून उपयोग नाही, तिच्याशी हायपोचं काही देणंघेणं नसतं.

आता प्रत्यक्ष छपाई. ८×१० चा कागद घ्या. एका तावातून पावणेपाच बाय साडेसहाचे दोन तुकडे निघतात आणि दीड इंच रुंदीची लांब पट्टी उरते. ती फेकायची नाही, किती सेकंद प्रकाश द्यायचा याची टेस्ट त्याच पट्टीवर करायची. कुणी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा, ‘इंदू’चा जुना कागद फुकट देऊ केला तर घ्या, पण शिकायला वापरू नका, तो बहुतेक आतून करडा पडलेला असतो आणि तुम्ही उगाच स्वतःला दोष देत बसाल.

फळी बादल्यांवर आडवी टाका. लाल दिव्यात त्यावर कागद, चकचकीत बाजू वर. त्यावर काच, मंद बाजू खाली. काचेची निगेटिव्ह असल्यामुळे वर आणखी काच लागत नाही, तिचंच वजन पुरतं. तीन फुटांवर साधा पंधरा वॉटचा पिवळा बल्ब. पट्टीवर पुठ्ठा सरकवत दोन-दोन सेकंदांच्या पायऱ्या द्या. मग डेव्हलपर.

पहिले दहा-बारा सेकंद काहीच होत नाही. पांढरा कागद पाण्यात डोलतो. मग आधी पगडीची किंवा कोटाची कड येते, काळं आधी उमटतं, चेहरा शेवटी. इथं प्रत्येक नवशिक्या एकच चूक करतो: चित्र दिसलं की घाबरून उचलतो. पूर्ण दीड-दोन मिनिटं ठेवा. लाल दिव्यात प्रिंट नेहमी आहे त्यापेक्षा काळी दिसते. लवकर काळी पडत असेल तर पुढच्या वेळी प्रकाश कमी द्या, डेव्हलपरमधून लवकर काढू नका. जुन्या प्लेट कॉन्ट्रास्टी असतात, म्हणजे काळं-पांढरं टोकाचं येतं; मल्टिग्रेड (उजेडाच्या रंगानं कॉन्ट्रास्ट बदलणारा) कागद असेल तर बल्बसमोर पिवळा पारदर्शक जिलेटिन कागद धरला की प्रिंट मवाळ होते. हायपोत पाच मिनिटं, मग पाणी बदलत धुणं. प्लास्टिक-कोटेड म्हणजे आरसी कागदाला पाच मिनिटं पुरतात, फायबर कागदाला तासभर. पाणीकपातीच्या दिवसांत आरसीच घ्या.

असे चार-पाच शनिवार गेले की कॅमेरा उतरवा. सागवान आणि पितळेचे असे कॅमेरे केरळात आलेप्पीला ‘वागीश्वरी’ नावानं बनत आणि गावोगावच्या स्टुडिओंत पोचले. तुमचा त्यातला असला काय किंवा स्थानिक सुताराचा असला काय, तपासणी तीच. काळोखात आत टॉर्च ठेवून बेलोजच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या भात्याच्या, घड्यांच्या कोपऱ्यांकडे बघा. चांदण्या दिसल्या तर काळ्या फॅब्रिक पेंटमध्ये थोडा फेविकॉल मिसळून आतून ठिपके द्या, पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नका. मागची घासलेली काच फुटली असेल तर घाबरू नका. नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात व्हॉल्व्ह घासायची बारीक पेस्ट मिळते. साध्या काचेवर ती लावून दुसऱ्या काचेच्या तुकड्यानं गोल गोल तासभर घासा. बसवताना घासलेली बाजू लेन्सकडे. उलटी बसली तर काचेच्या जाडीएवढा फोकस कायम चुकतो, आणि माणूस लेन्सला शिव्या देत राहतो.

होल्डर काचेच्या प्लेटसाठी आहेत, कागद त्यात सैल पडेल. फ्रेमवाल्याकडून त्याच मापाची पातळ काच कापून घ्या. कागद पुढे, काच मागे, कोपऱ्यांना चिकटपट्टी. म्हणजे कागदाचं इमल्शन नेमकं तिथं येतं जिथं आजोबांच्या प्लेटचं यायचं. या कामाला आजोबांची निगेटिव्ह वापरण्याचा मोह झाला तर मला पत्र लिहू नका.

हो, फिल्म नाही; कॅमेऱ्यातही तोच कागद. त्यावर निगेटिव्ह येते आणि ती दुसऱ्या कागदावर तोंडाला तोंड लावून, वर जाड काच ठेवून छापता येते. उजेड कागदातून जायचा असल्यानं वेळ जास्त लागतो एवढंच. सगळं काम लाल दिव्यात, डोळ्यांसमोर. कागदाचा वेग, म्हणजे प्रकाश टिपायची ताकद, आयएसओ ३ धरा. फोनच्या लाइटमीटरवर १०० लावा आणि येईल त्या वेळेला तीसनं गुणा. भर उन्हात एफ/१६ (लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तसं छिद्र लहान) ला सेकंदाचा तिसरा भाग, एफ/४५ ला पावणेतीन सेकंद. म्हणजे शटर नसलं तरी बिघडत नाही, लेन्सची टोपीच शटर. लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरा, टोपी काढा, कॅमेरा हलायचा थांबू द्या, मग पुठ्ठा बाजूला. आमचे फोरमन ‘एक रुपया, दोन रुपये, तीन रुपये’ असं मोजायचे. मीही तेच मोजतो, सेकंदाला बरोबर बसतं. जवळून चेहरा घेताना बेलोज लांबतो तेव्हा वेळ वाढवा: आठ इंचांची लेन्स बारा इंचांवर गेली तर सव्वादोन पट. कॉन्ट्रास्ट फार येईल. निगेटिव्हसाठी डेव्हलपर एकास सहा पाण्यात पातळ करा आणि सावलीत फोटो घ्या.

संध्याकाळी मात्र फोनचं ऐकू नका. कागदाला निळा उजेड दिसतो, लाल-पिवळा दिसत नाही. पाच वाजताच्या पिवळ्या उन्हात मीटर जितकं सांगतो त्याच्या दुप्पट-तिप्पट लागतं. याच कारणानं आकाश पांढरंफटक येतं, झेंडूचा हार काळा येतो, आणि कुंकू काळं येतं. जुन्या फोटोंतल्या बायकांच्या कपाळावर ते काळं का दिसतं, हे तुम्हाला तुमच्याच गच्चीवर कळेल. पहिले फोटो गच्चीवरच घ्या, टाकी, तुळस, वाळत घातलेल्या चादरी. पाताळेश्वर आणि शनिवारवाडा खुणावतील, पण ती पुरातत्त्व खात्याची ठिकाणं आहेत, तिथं ट्रायपॉडला परवानगी लागते. आणि कागदाच्या वेगानं पाताळेश्वराच्या आतल्या अंधारात उभे राहिलात तर एका फोटोत आरती आटोपेल.

एक्स-रे फिल्मचं पाकीट फेकू नका, पण त्यावर आशाही ठेवू नका. तुम्हाला ड्राय फिल्म मिळाली. हल्ली बहुतेक ठिकाणी तीच असते. यंत्रातच तिच्यावर चित्र उमटतं, डेव्हलपरशी तिचा काही संबंध नाही. दुकानदारानं फसवलं असेलच असं नाही, तुम्ही ‘एक्स-रे फिल्म’ मागितलीत, त्यानं दिली. ‘ओली’, म्हणजे डेव्हलपर-हायपोत धुवायची, ब्लू किंवा ग्रीन सेन्सिटिव्ह असं सांगून मागा. नवख्याला ब्लू बरी, लाल दिव्याला ती जास्त सोसते. कागदापेक्षा कितीतरी वेगवान, ५० ते ८० धरून सुरुवात करा. म्हणूनच भर उन्हात टोपीच्या शटरनं ती जळून जाईल, सकाळच्या सावलीत जमेल. दोन्ही बाजूंना इमल्शन असतं आणि ओलं असताना नखानंही ओरखडा पडतो. ट्रेच्या तळाशी काच टाका आणि एका वेळी एकच शीट धुवा. पण हे पावसाळ्यानंतर. आणि पावसाळ्यात लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. चामड्याच्या पेटीत नाही, तिथंच बुरशी धरते.

कॉफी? खरं आहे. लिटरभर पाण्यात धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम, क जीवनसत्त्वाची पावडर १६ ग्रॅम, इन्स्टंट कॉफी ४० ग्रॅम, २० अंशांवर पंधरा मिनिटं. फिल्म धुतली जाते. कॉफी चिकोरी नसलेली घ्या, आपल्याकडच्या बऱ्याच बरण्यांत चिकोरी असते. पण वास ओल्या कुत्र्यासारखा येतो, डेव्हलपर एकदाच वापरता येतो, आणि हिशेब केलात तर मेटॉल-हायड्रोक्विनोनपेक्षा महाग पडतो. हौस म्हणून एकदा करा, आई माहेरी गेल्या असताना.

पहिली नीट आलेली प्रिंट वाळली की ती त्यांनाच दाखवा. पेटीतल्या निम्म्या माणसांना तुम्ही ओळखणार नाही, त्या ओळखतील; कोणाचं लग्न, कोणाची मुंज, कोण पुढे मुंबईला गेलं. सांगतील तसं प्रत्येक प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलीनं लिहून ठेवा. पेननं नको, चळतीत ठेवल्यावर शाई खालच्या चेहऱ्यावर उतरते.